यंदा नाताळचा स्टार लावू की नको?

पिंपरी-चिंचवडहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाल्यात, देत नाही. पत्र बरंच मोठं आहे, मुख्य तेवढं इथे देते.

"मावशी, सलाम. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते, चर्च, शब्बाथ शाळा, कॅरल सगळं लहानपणापासून अंगात मुरलेलं. जूनमध्ये मिस्टरांची नोकरी गेली, कंपनीने एकदम चाळीस जणांना काढलं. ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या. त्यांच्यासाठी आम्ही सगळ्यांनी २१ दिवस उपवास-प्रार्थना केली होती. आता घराचा हप्ता, मुलाची फी, सगळं माझ्या एकटीच्या पगारावर. मिस्टर दिवसभर खोलीत बसून असतात, रात्री झोपत नाहीत, परवा म्हणाले मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं. माझ्याच्याने प्रार्थना होत नाहीये. डोळे मिटले की शब्द येत नाहीत आणि आलेच तर भांडणाचे येतात. प्रार्थनासभेत एक ताई म्हणाल्या तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, घरात काही पाप लपलंय का बघा. दुसऱ्या एकांनी युट्यूबवरच्या एका प्रचारकाचा नंबर दिला, त्यांनी विश्वासाचं बीज म्हणून अकरा हजार पाठवा, चाळीस दिवसांत नोकरी लागेल असं सांगितलंय. अजून पाठवले नाहीत पण मन डळमळतंय. आता आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होईल, पाळकांनी पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलंय, कॅरल पार्टी घरी येणार, नऊ वर्षांचा मुलगा रोज विचारतो मम्मी स्टार कधी लावायचा. मला या वर्षी नाताळच नकोय. असं वाटणं पाप आहे का? थोडे दिवस चर्चला जाणं बंद करू का, की खोटं खोटं हसत जाऊ?"

सलाम गं. तुला तू म्हणते, माझ्या सुनेच्या वयाची असशील. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर अडकले, ते स्टारचं नाही, प्रार्थनेचंही नाही, ते मिस्टरांचं आहे. म्हणून आधी त्यांचं, बाकी सगळं नंतर.

"मी नसतो तर बरं झालं असतं" हे वाक्य ते असंच बोलून गेले असतील असं समजून सोडून देऊ नकोस. आज संध्याकाळी मुलगा खाली खेळायला गेला की त्यांच्याजवळ बस आणि सरळ विचार, जीव द्यायचे विचार येतात का मनात. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती सगळ्यांना असते, पण तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस पहिल्यांदा मोकळा बोलतो. हो म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नकोस, घरातली जास्तीची औषधं वगैरे तुझ्या ताब्यात कुलपात ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा. नाही म्हणाले तरी झोप नाही, खोलीबाहेर येणं नाही, हे किती महिने चाललंय तूच बघ, तेव्हा या आठवड्यात डॉक्टरला दाखवच. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं. त्यांनी नाही केला तर तू कर, घरच्या माणसालाही विचारता येतं तिथे.

आणि कोणी म्हणेल की डॉक्टरकडे नेलं म्हणजे प्रभूवर भरवसा नाही, तर त्यांना सांग की मिरजेला १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं ते मिशनच्याच लोकांनी, प्रार्थना येत नव्हती म्हणून नाही काढलं. मला तर अशा वेळी नेहमी बायबलमधला एलीया आठवतो. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला त्याने डोळ्याने बघितला, आणि दुसऱ्याच अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो पुरे झालं आता, माझा जीव घे. पहिले राजे १९ काढून वाच, देव त्याला तिथे काय करतो बघ. उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणत नाही, दूत पाठवून भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, मग उठवून परत खायला घालतो, कारण तुला लांबचा पल्ला गाठायचाय. आधी भाकर, पाणी आणि झोप. देवाचा आवाज नंतर आला, तोही अगदी हळू. तुझ्या मिस्टरांना सध्या हेच पाहिजे, जेवण, झोप आणि जवळ बसणारं कोणीतरी.

आता ते अकरा हजार. पाठवू नकोस. यावर मी फार बोलणार नाही कारण बोलण्यासारखं काही नाहीच त्यात, ज्याला तुझं नाव माहीत नाही, मुलाचं तोंड माहीत नाही असा माणूस पडद्यावरून तुझ्या हप्त्याचे पैसे मागतो आणि त्याला बीज म्हणतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन नावाचा माणूस देवाचं दान पैशाने मिळेल म्हणून पैसे घेऊन आला होता, पेत्राने त्याला किती कडक सुनावलंय ते वाच. तो नंबर ब्लॉक कर, ज्यांनी दिला त्यांच्यावर राग धरू नकोस, त्यांना खरंच वाटत असेल मदत होईल म्हणून. आणि हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन सांग की नोकरी गेलीये, हप्ता कमी करता येईल का, मुदत वाढवता येईल का. चुकल्यावर गेलं की बोलणं अवघड होतं.

आणि आता ज्या वाक्याने तुझी झोप उडालीये ते, विश्वास कमी पडला.

मी पाळकाची मुलगी, चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, या समाजातच जन्म गेला, आणि या एका वाक्याने मी किती बायकांना आतून मोडताना बघितलंय ते मलाच माहीत. मूल गेलं, विश्वास कमी पडला. कॅन्सर झाला, विश्वास कमी पडला. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र हेच करत होते. ते आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, आणि तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडलं आणि चुकलं, तुझंच काहीतरी पाप असणार म्हणायला लागले, आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव ईयोबावर नाही, त्या मित्रांवर संतापला. ईयोब मात्र पानंच्या पानं देवाशी भांडलेला होता. तू म्हणतेस आले तर भांडणाचे शब्द येतात, मग येऊ दे की, तीच तुझी प्रार्थना आहे सध्या.

मार्क २ मधला पक्षघाती माणूस आठव. चौघांनी त्याला उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून वरचं छप्पर उसकटलं आणि खाटेसकट खाली सोडलं. तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. त्या खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, होता की नव्हता, त्याबद्दल एक अक्षर नाही. कधी आपण खाटेला हात लावणारे असतो आणि कधी खाटेवरचे. यंदा तू खाटेवर आहेस. तुझ्या मंडळीत चार माणसं शोध, चार नाही तर दोन, आणि त्यांना सांग की माझ्याने होत नाहीये, तुम्ही करा.

सासूबाईंसाठी २१ दिवस उपवास केलात आणि त्या गेल्या. हे दुखतंय, तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण मला कळलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त एवढं आहे की गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेच तीनदा तेच मागितलं, हा प्याला, म्हणजे हे मरण, टळू दे, आणि तो टळला नाही. प्रेषित पौलाने अंगातल्या काट्यासाठी, म्हणजे कायमच्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली, काटा तसाच राहिला. या दोघांचा विश्वास कमी होता असं तुझ्या त्या ताई म्हणतील का? आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचं बघ. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतर वर्षभरात, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, शेवटपर्यंत मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यांनीच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो पोरी उचलून आणून जगवल्या. विश्वासाने संकटं टळतात हा नियम असता तर रमाबाईंच्या दारात एकही संकट यायला नको होतं. मी केडगावला दोनदा गेलेय, दोन्ही वेळा तिथून परत येताना एकच विचार मनात होता की या बाईंना कोणी विचारलं असेल का, घरात काही पाप लपलंय का म्हणून.

साक्षीचं म्हणशील तर पाळकसाहेबांना फोन करून सांग, यंदा मला जमणार नाही. कारण सांगायची गरज नाही, सांगावंसं वाटलं तर खरं सांग. आपल्याकडे साक्ष म्हणजे शेवटी सगळं चांगलं झालं अशी गोष्ट असा समज झालाय, आजार होता बरा झाला, कर्ज होतं फिटलं, आणि ज्याचं अजून काहीच झालं नाही त्याने मागच्या बाकावर गप्प बसायचं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली जवळपास एक तृतीयांश रडण्याची, तक्रारीची आहेत, आणि ती सगळी देवळात गायलेली आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही काही नाही. ज्यांनी ही पुस्तकं एकत्र केली त्यांना ते काढून टाकता आलं असतं, काढलं नाही. तुला बोलायचंच असेल तर १३ वं स्तोत्र वाच आणि खाली बस, सहाच वचनं आहेत, पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कोठवर" आलंय. तीही साक्षच आहे.

आता तुझा खरा प्रश्न, नाताळ नकोय.

अगं पण नाताळ अजून आलेलाच नाही. येतोय तो आगमनकाळ, आणि आपण या दोन गोष्टींची एवढी भेसळ करून टाकलीये की नोव्हेंबर संपायच्या आत मॉलमध्ये घंटा वाजायला लागतात, ग्रुपवर टोप्या घातलेली बाळं फिरायला लागतात आणि आपल्याला वाटतं आता खूश व्हायलाच पाहिजे. आगमनकाळ मुळात आनंदाचा काळ नाहीच, तो वाट बघणाऱ्यांचा काळ आहे. जुन्या काळी यात उपवास धरायचे, पश्चिम युरोपात तर ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून धरायचे. म्हणूनच या चार आठवड्यांत वेदीवर जांभळा कपडा असतो, लेंटमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, असतो तोच, आणि पांढरा नाताळालाच लागतो. वाचायचे धडेही बघ, सुरुवातीला गोठा नाही, बाळ नाही, मेंढपाळ नाहीत. जग हादरणार, जागे राहा, रानात ओरडणाऱ्याची वाणी, असलं सगळं. पिढ्यान्‌पिढ्या वाट बघून दमलेल्या लोकांचे शब्द आहेत ते.

तिसऱ्या रविवारी, यंदा १४ डिसेंबर येतो, बऱ्याच चर्चमध्ये मत्तय ११ वाचतील. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातही तिसऱ्या रविवारला हाच भाग नेमलेला आहे. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देनेच्या काठावर बोट दाखवून सांगितलं होतं की हाच तो देवाचा कोकरा, तोच आता आतून निरोप पाठवून विचारतो, जो येणार आहे तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? विचार कर, योहानाला शंका आली. आणि येशू रागावला नाही. जे बघताय आणि ऐकताय ते त्याला जाऊन सांगा म्हणाला, आणि निरोपे गेल्यावर लोकांकडे वळून म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. शंका घेतली त्याच घटकेला हे सर्टिफिकेट मिळालं. योहान सुटला नाही हेही खरं आहे, पुढे त्याचा शिरच्छेदच झाला. पण चर्चने हा प्रसंग ऐन डिसेंबरमध्ये वाचायला ठेवलाय तो उगाच नाही, अशा माणसांसाठी ठेवलाय जी यंदा तुझ्या जागी आहेत.

नाताळ झाल्यावरचंही बघ. २५ ला बाळाचा जन्म, २६ ला स्तेफनाचा दिवस, दगडमार करून मारलेला पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव गेलेला. २८ ला बेथलेहेमातल्या त्या बाळांचा दिवस, ज्यांना हेरोदाने मारलं. डब्यातल्या करंज्या संपायच्या आत चर्च आपल्याला मुलं गेलेल्या आईचं, राहेलीचं रडणं ऐकवतं, आणि मत्तय तिथे स्पष्ट लिहितो की ती सांत्वन पावेना. तिला कोणी गप्प केलं नाही. आपल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये २८ तारीख फारशी कोणी पाळत नाही, थर्टी फर्स्टच्या वॉच नाईटच्या, म्हणजे रात्रीच्या उपासनेच्या तयारीत निघून जाते, मला त्याचं वाईट वाटतं. ज्या आयांची मुलं गेलीत त्यांच्यासाठी वर्षात एक दिवस आहे, तो तरी पाळायला पाहिजे.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही म्हणून माझं सांगते.

माझे मिस्टर २२ एप्रिल २०२१ ला करोनाने गेले. त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता. पुनरुत्थानकाळ एका दिवसाचा नसतो, पेंटेकॉस्टपर्यंत ५० दिवस चालतो, म्हणजे वर्षातला सगळ्यात आनंदाचा काळ चालू होता. चर्चच्या ग्रुपवर रोज सकाळी मेसेज, प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे, आणि इकडे मी आणि मुलगा ऑक्सिजनचा बेड शोधत तीन दिवस फिरत होतो. एका हॉस्पिटलने दारातूनच परत पाठवलं. कब्रस्तानात पाळकांसकट आम्ही सहा जण, किट घातलेली चार माणसं, मिस्टरांचं तोंड बघायला मिळालं नाही. बत्तीस वर्षं क्वायरमध्ये बेस गायलेला माणूस, आणि त्याच्या मातीला गीत म्हणायला आवाज नव्हते, पाळकांनी एकट्याने मास्कमधून एक कडवं म्हटलं. घरी आले आणि फोन उघडला तर कोणीतरी रिकाम्या कबरेचा फोटो टाकलेला, चकाकणारा. मी तो ग्रुप म्यूट केला. चार आठवडे ऑनलाइन उपासना लावली नाही. मला वाटायचं हा काळच माझा अपमान करतोय.

मग पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला, वसईची आहे, कॅथलिक, आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. सांत्वन वगैरे काही केलं नाही तिने, म्हणाली लूक २४ वाचते, तू फक्त ऐक. तिने अम्माऊसच्या वाटेचा भाग वाचला. आयुष्यात शंभर वेळा ऐकला असेल मी तो, शब्बाथ शाळेत पोरांना शिकवला असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं की ही गोष्ट ईस्टरच्याच दिवशीची आहे. कबर सकाळीच रिकामी झालीये, बायकांनी येऊन सांगितलंय, आणि तरी येशूचे दोन शिष्य, क्लयपा आणि त्याचा सोबती, तोंड पाडून यरुशलेम सोडून चाललेत, साधारण ११ किलोमीटरची वाट. "आम्हाला आशा होती" असं म्हणतात ते, होती म्हणतात. आणि प्रभू त्यांना वाटेत आडवा होऊन परत फिरा म्हणत नाही, ते ज्या दिशेला निघालेत त्याच दिशेला त्यांच्याबरोबर चालतो, काय झालं विचारतो, स्वतःच्याच मरणाची गोष्ट त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतो. पुढे थोडा रागावला पण, नाही असं नाही, पण आधी ऐकलं. मी फोनवर इतकी रडले की ती वाचायची थांबली, म्हटलं वाच, थांबू नको.

दुसऱ्या दिवशी मी उपासना लावली. बरं वाटत होतं म्हणून नाही, काहीच बरं वाटत नव्हतं. फक्त एवढं कळलं होतं की ईस्टर मला आनंद वाटतो की नाही यावर अवलंबून नाहीये. मी नसले तरी तो झालेला आहे, मंडळी तो धरून बसलीये, आणि मला जमेल तेव्हा मी परत हात लावला तरी चालणार आहे. चर्चचे काळ असेच असतात गं. ते आपल्या मनाकडे बघून येत नाहीत. लेंट आपण मजेत असतानाही येतो आणि आपल्या कपाळाला राख लावून माती आहेस सांगतो, आणि ती राखसुद्धा मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते, होसान्ना म्हणत नाचवलेल्या त्याच. ईस्टर आपण कब्रस्तानातून आलो तरी येतो. वर्षातून एकदा तो शनिवार येतो, गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधला, त्या दिवशी बऱ्याच चर्चमध्ये काहीच नसतं, बायका फरशी धुतात, फुलं आणतात, वेदी उघडी असते, प्रभू कबरेत. माझी आई म्हणायची काही माणसांचं आयुष्य बराच काळ त्या शनिवारातच असतं, त्यांना घाई करायची नसते. तुझं घर मला सध्या त्या शनिवारात दिसतंय.

म्हणून चर्चला जाणं बंद करू नकोस, पण हसत जाऊ नकोस. मागच्या बाकावर बस, उशिरा जा, लवकर नीघ, गाणं नाही म्हणावंसं वाटलं तर ऐक. प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारस, असेल त्या रविवारी मात्र जा, कारण तिथे तुला काही बोलावं लागत नाही, हात पुढे करायचा आणि घ्यायचं. एखाद्या रविवारी नाहीच उठवलं तर नाही उठवलं. घरी प्रार्थना येत नसेल तर प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हण, तिच्यात पहिल्यापासून "आमच्या" आहे, "माझ्या" कुठेच नाही, म्हणजे तू एकटी म्हणत असलीस तरी एकटीची नसते. तीही नाही झाली तर रोमकरांस ८ मध्ये पौल लिहितो ना, काय मागावं कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत असतो, तर कण्हून झोप.

कॅरल पार्टीला येऊ दे असं मी म्हणेन, पण तुझ्या अटीवर. ग्रुपच्या पोरांपैकी कोणाला तरी आधीच सांगून ठेव, घरात यंदा माती झालीये, ढोलकी-टाळ्या नकोत, एक शांत गाणं म्हणा आणि आजींसाठी प्रार्थना करून जा. पोरं ऐकतात, आपण सांगत नाही म्हणून गोंधळ होतो. फराळाचा घाट घालू नकोस. चहा पुरे, चहाही नको वाटला तर पाणी दे. शेजारचे करंज्या आणून देतील तर घे, लाजू नकोस, तुझ्या घरून किती वर्षं त्यांच्याकडे ताटं गेली असतील.

आणि मुलगा. त्याची आजी गेली, पप्पा खोलीत बसून असतात, मम्मी रडते, त्याला सगळं दिसतंय, आणि तो रोज स्टारचं विचारतो म्हणजे मला वाटतं तो स्टारचं विचारत नाहीये, आपलं घर अजून आहे ना असं विचारतोय. त्याला एक काम दे. १८३९ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या माणसाने अनाथ, गरीब पोरांसाठी घर चालवलं होतं, तिथली पोरं रोज डोकं खायची, नाताळ कधी, नाताळ कधी. त्याने गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रोजची एक लहान, रविवारची एक मोठी, म्हणजे पोरांना मोजता यावं. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं जे चक्र दिसतं ते तिथून आलंय. तू ताटलीत चार साध्या मेणबत्त्या ठेव, दहा-दहा रुपयांच्या. ३० नोव्हेंबरला पहिला रविवार आहे, संध्याकाळी त्याच्या हाताने एक लाव, एकच. बाकीच्या तीन तशाच राहू दे, न पेटवलेल्या, आणि त्याला सांग की अजून अंधार आहे, आपण वाट बघतोय. आजींचं नाव घ्या. मिस्टर खोलीतून बाहेर आले तर ठीक, नाही आले तर दार उघडं ठेव, त्यांना तिथून उजेड दिसेल. गाणं नको, भाषण नको, दोन मिनिटं बसा आणि जेवायला घ्या.

स्टारचं त्याला सांग की २४ तारखेला संध्याकाळी लावू. खरं तर तीच त्याची वेळ आहे, नाताळचा सण २५ ला सुरू होतो आणि बारा दिवस चालून ६ जानेवारीला, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळाकडे पोचतात त्या दिवशी संपतो, ते ताऱ्याच्या मागेच आले होते, म्हणजे तोपर्यंत ठेवता येतो. २४ ला तुझ्या अंगात त्राण नसेल तर शेजारच्या कोणाला तरी स्टुलावर चढायला सांग, वायर मुलाला धरू दे. पण त्याच्या आधी, आजच, मिस्टरांना ते विचार, आणि १४४१६ नंबर फोनमध्ये टाकून ठेव.